डब्लिन की लिमरिक? रग्बीच्या अंगाने उत्तर

तुमच्या हातात आयर्लंडमधल्या नोकरीच्या दोन ऑफर आहेत, एक डब्लिनची आणि एक लिमरिकची. लिमरिकच्या मुलाखतीत मॅनेजर कामापेक्षा रग्बीवरच जास्त बोलला, म्हणून तुम्ही विचारलंत की हे प्रकरण काय, संघ कुठला धरायचा आणि 2025-26 च्या हंगामात कोण जोरात असेल. भाडी लिमरिकला बरीच कमी, एवढं सांगून पैशांचा विषय संपवतो. मी स्वतः लिमरिकमध्ये राहतो, त्यामुळे माझं मत इथल्या मन्स्टर संघाच्या लाल जर्सीकडे झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

आयर्लंडचे प्रांत चार आणि संघही चार. डब्लिनचा लेन्स्टर, लिमरिक-कॉर्कचा मन्स्टर, गॉलवेचा कॉनॉट (दिल्लीच्या कॉनॉट प्लेसमधलं कॉनॉट ते हेच) आणि बेलफास्टचा अल्स्टर. आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. देशाकडून खेळायचं तर बहुतेक वेळा आयर्लंडमध्येच खेळावं लागतं, त्यामुळे चांगली पोरं घरच्या प्रांतात टिकतात. चौघेही युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप खेळतात. त्यात वेल्स, स्कॉटलंड, इटली आणि दक्षिण आफ्रिका धरून 16 संघ असतात, प्रत्येकाचे 18 सामने होतात आणि पहिले 8 बाद फेरीत जातात. सप्टेंबरअखेर सुरू झालेलं हे प्रकरण जूनपर्यंत चालतं. युरोपचे चषक वेगळे.

ताकदीचं म्हणाल तर लेन्स्टर बाकी तिघांच्या खूप पुढे आहे. जून 2025 मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या बुल्सना 32-7 असं लोळवून या स्पर्धेचं विजेतेपद घेतलं. डब्लिनच्या महागड्या खासगी शाळा अठराव्या वर्षी जवळजवळ तयार खेळाडू हातात देतात, हॅरिस आणि गाइल्स शील्डने मुंबईच्या क्रिकेटला द्यावेत तसे. बचाव शिकवायला दक्षिण आफ्रिकेला 2023 चा विश्वचषक जिंकून देणारा जॅक नीनाबर आहे आणि डिसेंबर 2025 मध्ये न्यूझीलंडचा खेळाडू रीको इओआने येणार असं ठरलं. मात्र डझनभर खेळाडू 2025 च्या उन्हाळ्यात लायन्स संघाबरोबर (ब्रिटन आणि आयर्लंडचा निवडक संयुक्त संघ) ऑस्ट्रेलियात होते. ते उशिरा परततील, त्यामुळे पहिले काही सामने लेन्स्टर हरलं तर डब्लिनच्या सहकाऱ्यांना लगेच चिडवू नका, एप्रिलमध्ये ते परतफेड करतील. त्यांचं खरं दुखणं युरोपचा मोठा चषक. 2018 नंतर तो मिळाला नाही, 2022 ते 2024 सलग तीन अंतिम सामने गेले आणि मे 2025 मध्ये इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनने डब्लिनमध्येच 37-34 ने उपांत्य सामना काढला. आरडीएस या त्यांच्या नेहमीच्या मैदानाचं बांधकाम चालू असल्याने 2025-26 मध्ये त्यांचे बरेचसे सामने मोठ्या अवीवा स्टेडियमवर. तिकीट सहज मिळतं, पण साध्या सामन्याला निम्म्या खुर्च्या मोकळ्या असतात, मजा येत नाही.

मन्स्टरचं गणित वेगळं. पीटर ओ'माहनी आणि कॉनर मरे 2025 मध्ये एकदमच निवृत्त झाले. इतकी वर्षं संघ ज्यांच्या तोंडाकडे बघायचा तेच गेले. नवा प्रशिक्षक क्लेटन मॅकमिलन न्यूझीलंडच्या चीफ्सकडून आलाय. त्याने तो संघ सलग तीन अंतिम सामन्यांत नेला आणि तिन्ही हरला, म्हणजे आमच्यात तो छान मिसळून जाईल! एप्रिल 2025 मध्ये मन्स्टरने फ्रान्सच्या ला रोशेलला त्यांच्याच गावात 25-24 ने हरवलं आणि मेअखेर डर्बनला शार्क्सविरुद्ध बरोबरीनंतरच्या किकांवर हरून घरी आले. यंदाही असंच होणार. विजेतेपद मला दिसत नाही, पहिल्या चारांत आले तरी पुष्कळ. ऑफिसात वाद मात्र एकच चालेल: आयर्लंडचा दहा नंबर (संघाचा खेळ चालवणारा खेळाडू) मन्स्टरचा जॅक क्राउली की लेन्स्टरचा सॅम प्रेंडरगास्ट? लिमरिकमध्ये याचं उत्तर काय द्यायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

डब्लिनमध्ये रग्बी ठरावीक शाळांची, लिमरिकमध्ये ती गोदी कामगारापासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांची. 31 ऑक्टोबर 1978 ला इथल्या थॉमंड पार्कवर मन्स्टरने ऑल ब्लॅक्सना, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला, 12-0 हरवलं, आणि तेव्हा जन्मही न झालेली माणसं तो सामना पाहिल्यासारखा सांगतात. प्रतिस्पर्धी किक मारायला उभा राहिला की अख्खं मैदान चिडीचूप होतं. तेव्हा मोबाइल वाजू देऊ नका.

कॉनॉट आणि अल्स्टर 2024-25 च्या मोसमात तळाशी रेंगाळले. कॉनॉटला स्टुअर्ट लँकास्टर हा कसलेला प्रशिक्षक मिळालाय, बंडी आकी आणि मॅक हॅन्सन आहेत, म्हणून ते वर सरकतील असं वाटतं. अल्स्टरबद्दल मला फारशी आशा नाही. पण बेलफास्टला सामना बघायला जायचं मनात असेल तर एक लक्षात ठेवा. रग्बीत आयर्लंडचं सगळं बेट एक असलं तरी बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या (यूके) हद्दीत येतं. बसने सीमा ओलांडताना सहसा कोणी अडवत नाही, तरी भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतोच. आयर्लंडचं राहण्याचं कार्ड तिथे चालत नाही. पकडलं गेल्यास पुढच्या परमिटवर त्याची सावली पडते.

ऑफर कुठलीही घ्या, लेन्स्टर-मन्स्टरचं तिकीट आधी काढा (2025 मध्ये हा सामना ऑक्टोबरमध्ये क्रोक पार्कवर होता). नाताळच्या सुट्टीत हेच दोघे लिमरिकला भिडतात, ती तिकिटं फार लवकर संपतात. आणि उन्हाळ्यात ऑफिसच्या टॅग रग्बी संघात कोणी बोलावलं तर घाबरू नका, त्यात अंगावर कोणी येत नाही, कमरेची पट्टी ओढली की झालं.