पीएस३ (प्लेस्टेशन ३) वर एनबीए २के१४ हा बास्केटबॉलचा गेम आता घेण्यात अर्थ आहे का?

सेकंडहँड स्वस्तात मिळत असेल तर घे रे, पण कशासाठी घेतोयस ते आधी ठरव. ऑनलाइन खेळायचं असेल तर विषयच सोड, सर्व्हर कधीच बंद झालेत. घरी मित्र आलेत, दोन कंट्रोलर आहेत, आणि हरलेला चहा आणणार, असा सीन असेल तर मात्र आजही तोड नाही.

गेम २०१३ चा, कव्हरवर बास्केटबॉल स्टार लेब्रॉन जेम्स. खरी मजा कंट्रोलमध्ये आहे, ड्रिबल (बॉल आपटत नेणं) आणि शॉट दोन्ही कंट्रोलरच्या उजव्या स्टिकवर, त्यामुळे पहिले दोनतीन दिवस बोटं नुसती गोंधळतात, बॉल टाकायला जातो आणि भलतंच काहीतरी होतं, पण एकदा हात बसला की बटणं नकोशी वाटतात. डंकला, म्हणजे उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबायला, जाणाऱ्याला हवेतच ब्लॉक करता येतं, ते जमलं की माणूस सोफ्यावरून उठतोच! शिवाय मायकल जॉर्डनची ९५-९६ ची शिकागो बुल्स टीम आहे, युरोलीगच्या (युरोपातल्या क्लबांची लीग) १४ टीम आहेत. लेब्रॉनचा वेगळा मोड आहे, तो मला बोअर झाला.

आता रडगाणं. प्रेक्षक पुठ्ठ्याचे वाटतात, लोडिंगला वेळ लागतो (माझं मशीनही म्हातारं झालंय, पंखा मिक्सरसारखा वाजतो), आणि टीम अर्थातच तेव्हाच्या, म्हणजे स्टीफन करी दिसेल पण नंतर आलेला योकिच शोधत बसू नकोस. पीएस४ वरचा २के१४ बघून हा घेऊ नकोस, नाव एकच असलं तरी ग्राफिक्समध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे. डिस्कवर ओरखडे आहेत का ते बघूनच पैसे दे.