बर्फ पडलाय, पण पेरणीजोगा नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. २४ ते ३० डिसेंबर आम्ही चौघं गुलमर्गला चाललोय. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिच्या डोक्यात स्कीइंग शिकायचं भरलंय. विमानाची तिकिटं जुलैतच काढली. हॉटेलवाला फोनवर म्हणतो, ‘बर्फ है साब, आ जाओ’. पण गेल्या आठवड्यात तिथे जाऊन आलेल्या मेहुण्याच्या फोटोंत नुसतं पिवळं गवत दिसतंय. खरं कोण बोलतंय? जावं की रद्द करावं? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोघंही खरं बोलताहेत. हॉटेलवाला वर अफरवतच्या डोंगराकडे बघून बोलतोय आणि मेहुण्याने खालच्या मैदानाचे फोटो काढलेत. गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर आहे, तर गंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा (तिथे सगळे ‘फेज टू’ म्हणतात) तुम्हाला ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. एवढ्या चढाईत आठ-एक अंशांचा फरक पडतो. खाली रिमझिम पाऊस असतो तेव्हा वर पांढरंशुभ्र झालेलं असतं. पण तो वरचा बर्फ तुमच्या लेकीच्या कामाचा नाही. तिथला उतार नवशिक्यांसाठी नव्हेच. ती शिकणार खाली, गंडोलाच्या पायथ्याजवळच्या बेबी स्लोपवर, म्हणजे नेमकी मेहुण्याच्या पिवळ्या गवतात.

आता तारखांचं. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याची थंडी. त्यापुढे वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. चिल्लई कलानात पडलेला बर्फ टिकतो, असा तिथल्या लोकांचा हिशेब. तुम्ही उतरणार त्याच्या चौथ्या दिवशी. मृग नक्षत्र लागलं म्हणून चौथ्या दिवशी पेरायला निघावं, तसं झालं हे.

माझे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) सिन्नरकडचे जिरायत शेतकरी. पहिला पाऊस पडला की शेजारचे तिफण काढायचे, आमचे दादा बांधावर बसून राहायचे. ‘भिजलंय, वापसा कुठाय?’ एवढंच म्हणायचे. वापसा म्हणजे जमीन पेरण्याजोगी होणं. शेजारच्यांवर दोनदा तरी दुबार पेरणीची वेळ आलेली मी पाहिली. बर्फालाही वापसा लागतो. पहिल्या रात्री वीतभर पडतो, सगळे नाचतात, फोटो पुण्यापर्यंत पोचतात. दोन दिवस ऊन पडलं की तो बसतो आणि बोटभर उरतो. त्यावर दुसरा थर पडून दाबला गेला, रात्री गोठला, की मगच स्की चालवण्याजोगं काही तयार होतं. बेबी स्लोपखाली गवत आहे, त्यामुळे तिथे फूटभर बसलेला बर्फही भागवून नेतो. वर दगडधोंडे आहेत, तिथे फुटाने काही होत नाही.

आणि हे सगळं कधी जमेल, ते पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून. भूमध्य समुद्राकडून ढग यायचे, ते हिमालयाला नेमके कुठे धडकतील आणि मध्ये किती दिवसांचा खंड पडेल, याचा आठवड्यापलीकडचा अंदाज कुणी सांगू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. जानेवारी २०२४ आठवा. ऐन चिल्लई कलानात गुलमर्ग उघडंबोडकं होतं. स्लेजवाले, घोडेवाले, प्रशिक्षक सगळे हात चोळत बसलेले. महिना संपता संपता आभाळ फाटलं.

म्हणून माझं मत असं : सहल रद्द करू नका, स्कीइंग सहलीतून वेगळं काढा. जा, कहवा प्या, गंडोलात बसा. स्कीच्या वर्गाचे पैसे मात्र आगाऊ भरू नका. निघण्याच्या दोन दिवस आधी एखाद्या प्रशिक्षकाला (हॉटेलवाल्याला नव्हे) फोन करा. पण ‘बर्फ आहे का’ असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी ‘है’ असंच मिळतं. ‘आज बेबी स्लोपवर किती जणांचा वर्ग चालला?’ असं विचारा. आणि आजचं वर्तमानपत्र हातात धरून काढलेला उताराचा व्हिडिओ मागा. अपहरणकर्ते पाठवतात तसा. हसतील, पण पाठवतील.

लेकीला खरंच शिकायचं असेल तर फेब्रुवारीत पाठवा. गुलमर्गमध्ये केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूटही स्कीचे वर्ग घेते. आपल्याकडची गिर्यारोहक मंडळी अशाच वर्गांना जातात. वयाची अट आधी विचारा. शाळा बुडेल, तर बुडू द्या आठवडाभर. फेब्रुवारीची हमी काय, म्हणाल. तीही नाही. २०२५ मध्ये खेलो इंडियाचे हिवाळी खेळ गुलमर्गला २२ फेब्रुवारीपासून ठरले होते, बर्फ नाही म्हणून पुढे ढकलले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पार पडले. पण डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीवर पैसे लावीन मी.

एक मात्र मनावर घ्या. बर्फ उशिरा आला आणि एकदम धो धो आला, तर आनंदाने वरच्या उतारांकडे धावू नका. जमिनीवर पातळ थर नुसता थंडीत पडून राहिला की त्याची साखरेसारखी सुटी रवाळ भुकटी होते. तिच्यावर चार फुटांचं ओझं आलं की सगळं एकसंध घसरतं. २०२४ च्या त्या कोरड्या जानेवारीनंतर, २२ फेब्रुवारीला, गुलमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू दगावला. फेज टू बंद असेल तर भांडू नका, बंद आहे याबद्दल आभार माना.

प्रश्न : मी म्युनिकला असते. ऑस्ट्रियातल्या एका रिसॉर्टचा सीझन पास घेतला. उघडण्याची तारीख दोनदा पुढे गेली. त्यांच्याकडे बर्फ करायच्या शंभरेक तोफा आहेत, रात्री तापमान शून्यावर येतं, तरी त्या बंद! कंजूषपणा की काय? — एक वाचक, म्युनिक

उत्तर : कंजूषपणा असेलही, वीज फुकट नाही. पण तुमच्या आईच्या स्वयंपाकघरातला माठ आठवा. उन्हाळ्यात नागपूरला त्यात पाणी गारेगार होतं, मुंबईला नुसतं बरं होतं. हवा कोरडी असली की पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेल्याला गार करतं. तोफेतून उडालेल्या थेंबाचं तेच. त्याला हवेचं साधं तापमान कळत नाही, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचं कळतं. ते उणे अडीचच्या आसपास उतरलं की काम सुरू. म्हणून अधिक एक अंशाला, पण खडखडीत कोरड्या हवेत बर्फ बनतो आणि शून्याला, धुकं असेल तर नुसता चिखल होतो. पाण्याच्या तळ्यांचा साठा ठरलेला असतो, तो असल्या रात्री उधळायचा नसतो.

तोपर्यंत ऑस्ट्रियातल्याच हिंटरटुक्सला जा. तिथे हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालतं. आणि तारीख हुकल्याचं दुःख तुम्हा एकटीला नाही. स्वित्झर्लंडमधलं झरमाट आणि इटलीतलं चेर्विनिया यांच्यामधली स्कीइंगच्या विश्वचषकाची उताराची शर्यत २०२२ मध्ये बर्फ कमी म्हणून रद्द झाली आणि २०२३ मध्ये बर्फ आणि वारा जास्त म्हणून. तिसऱ्या वर्षी ती वेळापत्रकातूनच काढून टाकली.

प्रश्न : मुलाने नवी स्की ऑनलाइन घ्यायचं ठरवलंय. घेऊ द्यावी का? — एक आई, नाशिक

उत्तर : पहिल्या हंगामाला मुळीच नाही. मी केलेला मूर्खपणा सांगते. भाच्याने परदेशातून आणलेली कोरी स्की घेऊन जानेवारीत गुलमर्गला गेले. बर्फ विरळ होता. प्रशिक्षकाने निघण्याआधी काठी खुपसली. काठीच्या टोकाच्या वर चार बोटांवर एक चकती असते. ती टेकण्याआधीच खाली टक्क आवाज आला. तो म्हणाला, ‘मॅडम, आज पुरानीवाली पहनो.’ मी ऐकलं नाही. तिसऱ्या वळणाला पायाखालून ‘कर्र’ असा आवाज आला, पाट्यावर दगड ओढावा तसा. उलटी करून पाहिली, तर पंजाखालून टाचेपर्यंत बोट जाईल अशी खाच, आणि कडेची लोखंडी पट्टी उचकटलेली. संध्याकाळी दुकानात एका पोराने प्लॅस्टिकची कांडी मेणबत्तीसारखी पेटवली आणि त्या खाचेत काळे थेंब एकेक करून पाडत बसला. वर पत्र्याने खरवडलं. पट्टी मात्र सरळ झाली नाही ती नाहीच. तेव्हापासून हंगामाच्या सुरुवातीला मी भाड्याची, आधीच ओरबाडलेली स्की मागून घेते.

त्याला घ्यायचंच असेल तर मोजे घेऊन द्या, गुडघ्यापर्यंतचे, एकच जोडी. दोन चढवले तर बुटात सुरकुती पडते आणि नडगी सोलून निघते. माझी निघाली होती.