सत्ताविसाव्या वर्षी सोरोरिटीत?

"मला घेतील का, ताई? आणि घेतलंच, तर तिथे मी सगळ्यांची मावशीच होणार ना?" अनघाने (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत विचारलं. लग्नानंतर ती न्यू जर्सीत आली, नवऱ्याच्या व्हिसावर कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) केलं आणि तिथले क्रेडिट धरून विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला बसली. वर्गातल्या मुली एकोणीस-वीसच्या.

सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाची, आयुष्यभराच्या सदस्यत्वाची विद्यार्थिनींची संघटना. मोठ्या वयात शिकायला आलेल्या बऱ्याच जणी हा प्रश्न घेऊन येतात, पण जरा लाजतच. २६ सोरोरिटींची शिखर संस्था असलेली नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स १९०२पासूनची आहे. तिथे पाहतात ते तुम्ही पदवीच्या विद्यार्थिनी आहात का हे, जन्मसाल नव्हे. अल्फा कॅप्पा अल्फासारख्या कृष्णवर्णीय महिलांच्या जुन्या सोरोरिटीत तर पदवीनंतरही प्रवेशाची वाट आहे.

खरी अडचण वेगळीच असते. निवड सोरोरिटीच्या त्या विद्यापीठातल्या शाखेतल्या मुली करतात आणि त्या उरलेली वर्षं मोजतात. पहिल्या वर्षाची मुलगी चार वर्षं वर्गणी भरेल, कामं उचलेल. तिसऱ्या वर्षाची दोनच. मुख्य भरतीत अनघाला पहिल्या फेरीनंतर बोलावणं आलं नाही, ते बहुधा यामुळेच. तिने मात्र ते वयावर आणि उच्चारांवर घेतलं. दोन भेटी आमच्या त्यातच गेल्या.

मग मी विचारलं, तुला तिथून नेमकं काय हवंय? बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "बी.कॉम. अर्धवट सोडून लग्न केलं. हॉस्टेल नाही, गॅदरिंग नाही. इथे कुणी मला जेवायला चल म्हणत नाही."

१९९८मध्ये सुरू झालेल्या सिग्मा सिग्मा ऱ्हो, डेल्टा फी ओमेगा अशा दक्षिण आशियाई सोरोरिटी मी सुचवल्या. तिने हात जोडले. "तिथे पुन्हा वहिनीच होईन!" मला हसू आलं, पण तिचं म्हणणं पटलं.

नवऱ्याची काळजी रॅगिंगची. ती मी झटकून टाकली नाही. हेझिंगमुळे, म्हणजे इथल्या रॅगिंगमुळे, मुलं मेली आहेत आणि २०२१मध्ये न्यू जर्सीने त्याविरुद्धचा कायदा कडक केला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणत्या गटावर कारवाई झाली ते दोघांनी बसून पाहिलं. वर्गणी, कपडे, कार्यक्रम यांचा खर्चही आधीच लिहून काढला. ही बैठक नवऱ्याला वगळून झाली असती तर पुढे घरात खटके उडाले असते, असं माझं मत.

वसंत सत्रात, मुख्य भरतीनंतर जागा उरलेल्या शाखा अनौपचारिकपणे मुली घेतात. त्यातल्या एका लहान शाखेने अनघाला घेतलं. ती सोरोरिटीच्या सामाईक घरात राहायला गेली नाही, पार्ट्याही निम्म्या टाळते. तिला सांभाळून घेणारी 'बिग', म्हणजे सोरोरिटीतली मोठी बहीण, २० वर्षांची आहे.

परवा नवीच तक्रार घेऊन आली: बी.कॉम.चं कळल्यावर मुलींनी तिला खजिनदार केलंय आणि वर्गणी कुणीच वेळेवर भरत नाही.