हरणारा यजमान

प्रश्न : अमेरिकेतील बोर्डगेमच्या चाहत्यांमध्ये विल व्हीटन या नटाला एवढा मान का आहे?

उत्तर : १९८७ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळावरील टीव्ही मालिकेतील त्यांचे वेस्ली क्रशर हे पात्र अनेक प्रेक्षकांच्या डोक्यात जात असे. पुढे २०१२ मध्ये अभिनेत्री फेलिशिया डे यांच्यासह त्यांनी ‘टेबलटॉप’ ही बोर्डगेमची यूट्यूब मालिका आणली आणि तीत पाहुण्यांसोबत खेळताना ते नियम सोपे करून सांगत, फासे उलटे पडले की कपाळाला हात लावत आणि बऱ्याचदा चक्क हरत. (आमच्या मते, अर्धे यश त्या हरण्यातच होते.) मालिकेत दाखवलेल्या खेळाला दुकानांत एकदम मागणी येई, त्याला व्यापारी ‘व्हीटन इफेक्ट’ म्हणू लागले. नटापेक्षा हा आपल्यातलाच एक खेळगडी, अशी चाहत्यांची भावना झाली.