नोटपॅड++ अधूनमधून क्रॅश होतं पण मुद्दाम करायला गेलं की होत नाही, कारण कसं शोधायचं?

तुम्ही म्हणताय आठवड्यातून साधारण एकदा या टेक्स्ट एडिटरची विंडो गायब होते, मेसेज काहीच नाही आणि वरून परत इन्स्टॉल करूनही तेच. होणारच, कारण त्याने जुनी सेटिंग्ज आणि प्लगिन (एडिटरला जोडलेले जादा छोटे प्रोग्रॅम) जागच्या जागीच राहतात. आधी ॲपडेटा, रोमिंग, नोटपॅड++ मधला बॅकअप फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, सेव्ह न केलेले टॅब तिथे असतात, बाकी सगळं नंतर.

मग क्रॅश घडवून आणायचा नाद सोडा आणि सापळा लावून बसा. विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, तिथे क्रॅशच्या वेळेची इव्हेंट आयडी 1000 ची नोंद बघा, त्यात फॉल्टिंग मॉड्यूल, म्हणजे ज्या फाइलीत क्रॅश झाला तिचं नाव, लिहिलेलं असतं. एखाद्या प्लगिनचं नाव दिसलं तर अर्धं काम झालं. पण बऱ्याचदा एनटीडीएलएल ही विंडोजची स्वतःची फाइल दिसते आणि लोक विंडोजला शिव्या घालतात. प्रेत ज्याच्या दारात सापडलं तोच खुनी असं नसतं हो! एक्सेप्शन कोडच्या शेवटी 0374 असेल तर हीप (प्रोग्रॅम चालू असताना लागेल तशी घेतलेली मेमरी) करप्ट झालीये, म्हणजे कोणीतरी आधीच मेमरीत नको तिथे लिहून ठेवलं आणि एडिटर नंतर भलत्याच कामाच्या वेळी मेला, म्हणून तर तुम्हाला पॅटर्न सापडत नाही.

अशा वेळी डम्प, म्हणजे क्रॅशच्या क्षणीची मेमरी साठवलेली फाइल, लागतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) विंडोज एरर रिपोर्टिंगखाली लोकलडम्प्स नावाची की बनवा, तिच्यात एडिटरच्या ईएक्सईच्या नावाची (notepad++.exe) दुसरी की, आणि त्या दुसरीत डम्पटाइप 2 ठेवा. पुढच्या क्रॅशला लोकल ॲपडेटातल्या क्रॅशडम्प्समध्ये फाइल पडेल.

तोवर शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी नोप्लगिन (-noPlugin) हा स्विच लावून सगळे प्लगिन बंद करून वापरा. इथे बहुतेक जण घाई करतात, चार दिवस नीट चाललं की "सुटला प्रॉब्लेम" म्हणतात. सरासरी आठवड्याला एक क्रॅश असेल तर एक आठवडा नुसत्या नशिबाने कोरडा जायची शक्यता जवळपास 37 टक्के असते, तीन आठवडे तसेच जायची 5 टक्के. म्हणजे निदान तीन आठवडे थांबायचं, मग अर्धे अर्धे प्लगिन परत टाकत जायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

प्लगिन नसतानाही पडलं तर नेमकं ओपन किंवा सेव्ह ॲजची खिडकी उघडताना पडतं का ते बघा. त्या खिडकीबरोबर क्लाउड सिंक, झिपवाले वगैरेंची शेल एक्स्टेन्शन्स (विंडोजच्या फाइल-खिडक्यांना त्यांनी जोडलेले तुकडे) एडिटरच्याच प्रोसेसमध्ये लोड होतात आणि त्यातलं एक बिघडलं की एडिटरलाच घेऊन बुडतं. माझ्याकडे हेच निघालं होतं, ते एक्स्टेन्शन काढलं आणि संपलं.

बग रिपोर्ट टाकाल तेव्हा प्रश्नचिन्हाच्या मेनूतली डीबग इन्फो जोडा. डम्प मात्र सगळ्यांना दिसेल असा टाकू नका, त्यात त्या वेळी उघड्या असलेल्या फाइलींचा मजकूर असतो, पासवर्डची यादी असेल तर तीसुद्धा.