संसदेत बहुमत असलं की सरकार कुठलाही कायदा करू शकतं ना? मग कोर्ट मधे कामून येतं?

नाही करू शकत. आणि कोर्ट दरवेळी मधे येतंच असंही नाही. आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, इतकी वर्षं आखाड्यावर, म्हणजे वावरातल्या गोठ्यावर बसून नेमकं याच्यावर भांडतात म्हणून लिहायला बसलो. विधेयक, दोन सभागृहं, राष्ट्रपतीची सही हे सगळं शाळेत झालंय, ते सोडून देतो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. आजोबांच्या नावावर ऐंशीच्या घरात एकर कोरडवाहू वावर होतं. सिलिंगचा कायदा, म्हणजे एका कुटुंबाने जास्तीत जास्त किती जमीन ठेवायची, वरची सरकारजमा, हा तसा १९६१ चा पण मर्यादा सैल होती, १९७५ ला ती खाली आणली, कोरडवाहूला ५४ एकर आणि बारमाही पाणी असलं तर १८. आजोबांनी ७२ च्या दुष्काळात पोरांची वाटणी करून ठेवली होती, ती धरलीच नाही, कारण कायदा म्हणतो २६ सप्टेंबर १९७० नंतरची वाटणी सिलिंग चुकवायलाच केली असं समजायचं, तसं नसेल तर तुम्ही सिद्ध करा. आता अडाणी माणूस काय सिद्ध करणार. गेलं वावर.

तात्यांचं एकच, "दिल्लीनं खाल्लं." मी म्हणतो तात्या, जमीन राज्यसूचीत आहे, म्हणजे त्यावर कायदा राज्याने करायचा, कायदा मुंबईत विधिमंडळात झाला, हात वर केले ते आपणच निवडून दिलेल्यांनी. संसदेने एवढंच केलं की १९७६ ला ४० व्या घटनादुरुस्तीने तो कायदा नवव्या परिशिष्टात टाकला, म्हणजे मूलभूत हक्क मोडला म्हणून कोर्टात जायची सोयच बंद. हे परिशिष्ट १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीतलं, आणि त्यातल्या पहिल्या १३ कायद्यांत हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या मोडणारा कायदा पण आहे. आमचं गाव जहागिरीतलंच. जहागीरदार गेला म्हणून पणजोबा ताठ मानेने वावर कसायला लागले. ज्याच्या आडोशाला आपलं बस्तान बसलं त्याच्याच आडोशाला पुढं वावर गेलं, असं म्हटलं की तात्या वैरण टाकायला उठतात.

मग आलं २००७. जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजांनी सांगितलं की २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात टाकलेले कायदेपण तपासता येतील. तात्यांनी पेपरातली बातमी कापली, जुना बस्ता काढला आणि परभणीला एका वकिलाकडे गेले. वकिलाने फी घेतली, होईल म्हणाला. मी निकाल मिळवून वाचला तर त्यातच लिहिलेलं की जो कायदा कोर्टाने आधीच वैध ठरवलाय त्याला पुन्हा आव्हान नाही आणि जे व्यवहार पूर्ण झाले ते उकरायचे नाहीत. आपला सिलिंग कायदा तर १९८० लाच सुप्रीम कोर्टात टिकलेला. हे मी चार माणसांत सांगितलं, तर सुगी संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर ती २४ एप्रिल १९७३ तारीख केशवानंद भारती खटल्याची, १३ जज, ७ विरुद्ध ६. संसद घटना बदलू शकते पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही, असं ठरलं. साध्या बहुमताने घटना बदलत नाही हे तर आहेच, हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, वर सभागृहाच्या एकूण संख्येचं बहुमत, आणि राज्यांच्या अधिकाराला हात लावायचा असला तर निम्म्या विधानसभांची संमती. जज नेमायच्या आयोगासाठी हे सगळं करून केलेली ९९ वी दुरुस्ती २०१५ ला कोर्टाने उडवली. पण गंमत बघा, हे केशवानंद भारती म्हणजे केरळातल्या एका मठाचे स्वामी, ते गेले होते केरळच्या जमीन कायद्याविरुद्ध, आणि त्या कायद्यांना नवव्या परिशिष्टात नेणारी २९ वी दुरुस्ती कोर्टाने कायम ठेवली. तीन कृषी कायद्यांनाही कोर्टाने नुसती स्थगिती दिली, मागे घेतले ते संसदेनेच, नोव्हेंबर २०२१ ला. म्हणून कोर्ट आहे म्हणून निवांत बसू नका, आपल्या आमदार खासदाराने मत कुठं दिलं ते विचारा. तात्यांनी एकदाही विचारलं नाही.

सिलिंग नको होतं असं मी म्हणत नाही हां, ज्यांना आमचं वावर मिळालं ते आमच्याइतकंच राबतात. मी वकील पण नाही, तुमची केस चालू असली तर माझ्यावर विसंबू नका. राहिला मालमत्तेचा मूलभूत हक्क, तो १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने काढला, आता कलम ३००अ म्हणून साधा घटनात्मक हक्क उरलाय. आणि तो काढला जनता सरकारने, ज्याच्यासाठी आमच्या तात्यांनी ७७ ला गावातल्या भिंती रंगवल्या होत्या.