वेलचीचा अर्क, खसचं सरबत आणि वेपची बाटली: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ग्लिसरीनमध्ये मसाल्यांचा अर्क कसा काढायचा ते दिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाची पत्रं सर्वात जास्त होती, म्हणून त्याला जागाही जास्त.

ग्लिसरीन खाण्यातली, वेलची-व्हॅनिला घरातली. मग हाच अर्क वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरला तर काय बिघडलं? बाजारच्या रसायनांपेक्षा घरचं बरं, असं मित्र म्हणतात.
— महाविद्यालयीन वाचक, मुलुंड

भरू नका. घरचं असो की बाजारचं, पोटाला जे चालतं ते फुप्फुसाला चालतंच असं नाही. पोटात आम्ल आहे, पाचकरस आहेत, पुढे यकृत आहे. फुप्फुसाच्या वायुकोशात यातलं काहीच नाही. तिथे गेलेला कण उचलायला फक्त भक्षक पेशी असतात, आणि तेलाचा थेंब त्यांना गिळता आला तरी पचवता येत नाही. तेलाने भरलेल्या या पेशी साचत जातात, सूज येते आणि तेलामुळे होणारा न्यूमोनिया जडतो. वेलचीत, लवंगेत, संत्र्याच्या सालीत सुवास असतो तो तेलातच. बियांत आणि व्हॅनिलाच्या शेंगेत त्याशिवाय न उडणारं तेल आणि मेणही असतं. फडक्यातून कितीही गाळलं तरी ते अर्कात उतरतंच.

दुसरी अडचण उष्णतेची. वेपमधली तार दोनशे अंशांच्या वर सहज जाते. फळाचा रस, मध, गूळ, साखर यांपैकी काहीही त्यात असलं की ते तारेवर करपतं आणि फॉर्माल्डिहाइडसारखे घातक वायू तयार होतात. द्रव कमी पडून तार कोरडी झाली की खुद्द ग्लिसरीनचं विघटन होऊन अ‍ॅक्रोलीन तयार होतं. कढईतलं तेल जळल्यावर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो तो धूर याच अ‍ॅक्रोलीनचा.

‘नैसर्गिक’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. डायअ‍ॅसिटिल नावाचा पदार्थ लोण्यात निसर्गतःच असतो, लोण्याचा वास बराचसा त्याचाच. आपण तो रोज खातो. पण अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्न कारखान्यात लोण्याच्या स्वादाची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिकेच्या बारीक फांद्या कायमच्या आक्रसल्या. २००० साली हे उजेडात आलं. दालचिनीला चव देणारं सिनॅमाल्डिहाइड श्वासनलिकेतल्या कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावतं. २०१९मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची लाट आली, तेव्हा मुख्य संशय ठरला ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटवर. त्वचेच्या क्रीममध्ये आणि पोटात घ्यायच्या गोळ्यांत बिनघोर वापरला जाणारा हा पदार्थ, प्रामुख्याने टीएचसी या गांजातल्या नशेच्या घटकाच्या, वेपमध्ये बसवायच्या नळकांड्यांत दाटपणासाठी मिसळला जात होता. फेब्रुवारी २०२०पर्यंत तिथे २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले.

कायद्याचंही सांगायला हवं. २०१९च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली आहे. निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढायची वाफ करणारं विजेवरचं साधन या व्याख्येत बसतं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; नुसत्या साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलेजबाहेर मिळतं म्हणजे चालतं, असा अर्थ नाही.

आधीपासून ओढत असाल आणि खोकला, धाप किंवा छातीत दुखणं सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना वेपबद्दल आणि त्यात काय भरलं होतं त्याबद्दल स्पष्ट सांगा. ते लपवलं तर साधा संसर्ग समजून भलतेच उपचार सुरू राहतात. सवय सोडायला मदत हवी असेल तर केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा आहे: १८००-११२-३५६.

इथून पुढची सगळी मापं पेल्यासाठी आणि पातेल्यासाठी आहेत.

ग्लिसरीन कुठली घ्यायची? प्रिन्सेस स्ट्रीटला पाच लिटरचा कॅन फार स्वस्त पडतो.
— वाचक, गिरगाव

तो कॅन साबणाला, लोशनला किंवा प्रयोगशाळेला ठीक. खाण्यासाठी सीलबंद बाटली घ्या, तिच्यावर खाद्य दर्जा असल्याचा उल्लेख, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख हवी. घटकांत ‘आयएनएस ४२२’ लिहिलं असेल तर ती ग्लिसरीनच. ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं छापलेली औषधाच्या दुकानातली छोटी बाटली ओठांना लावा, सरबतात घालू नका.

हा बाऊ नाही. १९८६च्या सुरुवातीला याच शहरात जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं बंद पडून दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक निघालं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. हे विषसुद्धा रंगहीन, दाट आणि गोडच असतं, म्हणून चाखून किंवा हुंगून फरक कळत नाही. घरी तपासायची युक्ती कुणी सांगितली तरी विश्वास ठेवू नका.

वेलचीचा अर्क छान झाला. त्याच पद्धतीने पुदिना केला तर दहा दिवसांत वर बुरशीची साय आली. असं का?
— वाचक, डोंबिवली

पुदिन्यातल्या पाण्यामुळे. ग्लिसरीन टिकवण्याचं काम करते ते पाण्याला धरून ठेवते म्हणून, आणि त्यासाठी तयार द्रवात तिचं प्रमाण निदान ५५ ते ६० टक्के राहायला हवं. तुम्ही पत्रात लिहिलंत तसं ७५ मिली ग्लिसरीन आणि २५ मिली पाणी घेतलं, त्यात ६० ग्रॅम ताजा पुदिना घातला. त्या पुदिन्यात जवळपास ५० मिली पाणी असतं. म्हणजे १५० मिलीत ग्लिसरीन ७५, निम्मीच. शिवाय पानं वर तरंगतात. पृष्ठभागावर उघडं पडलेलं पान म्हणजे बुरशीला आयतं घर.

ताज्या पानांसाठी पाणी घालायचंच नाही. ६० ग्रॅम पानं धुवा, फडक्यावर पसरून पंख्याखाली दोन तास वाळवा, हाताने चुरगळा आणि १५० मिली नुसत्या ग्लिसरीनमध्ये पूर्ण बुडवा. वर स्वच्छ वाटी उपडी ठेवून पानं खाली दाबून ठेवा. पाच दिवसांत गाळा. जास्त ठेवलात तर पानं काळी पडून चव गवतासारखी होते.

सुक्या मसाल्याचं गणित वेगळं. नवीन वाचकांसाठी वेलचीची कृती पुन्हा देतो. २० ग्रॅम हिरव्या वेलच्या सालीसकट जाडसर कुटा. पूड करू नका, गाळताना जीव नकोसा होईल. ९० मिली ग्लिसरीन आणि ६० मिली उकळून गार केलेलं पाणी एकत्र करून २५० मिलीच्या काचेच्या बरणीत घाला, त्यात वेलची टाका. पातेल्यात तळाला फडकं घालून बरणी पाण्यात ठेवा आणि मंद आचेवर तीन तास गरम राहू द्या. पाण्याला उकळी फुटता कामा नये. उकळलं की वेलचीचा वरचा, थंडसर वास उडून जातो आणि मागे काढ्याची चव उरते. मग दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात, रोज एकदा हलवून. गाळताना बरणी पुन्हा कोमट करा, कारण थंड ग्लिसरीन मलमलीतून उतरायला रात्र घेते. दोन पेल्यांच्या मसाला दुधाला एक छोटा चमचा पुरतो.

मुंबईच्या पावसाळ्यात एक धोका आणखी असतो. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेते. झाकण सैल राहिलं तर जुलै-ऑगस्टमध्ये वरचा थर हळूहळू पातळ होतो, आणि बुरशी नेमकी तिथून सुरू होते. लहान बाटल्या, काठोकाठ भरलेल्या, चमचा कोरडा. एवढं पाळलं तर सुक्या मसाल्याचा अर्क वर्षभर राहतो. ताज्या पानांचा मात्र फ्रिजमध्येच ठेवा, दोन महिने.

व्हॅनिला दारूत घालून करतात असं वाचलं. दारूशिवाय होतो का?
— वाचक, ठाणे

होतो, पण फिका. अमेरिकेतल्या प्रमाणित व्हॅनिला अर्काला लिटरमागे साधारण १०० ग्रॅम शेंगा आणि किमान ३५ टक्के मद्यार्क लागतो. घरी तेच प्रमाण धरा: १०० मिली द्रवाला १० ग्रॅम शेंगा, म्हणजे तीन-चार. उभ्या चिरा, पेरभर तुकडे करा, ६० मिली ग्लिसरीन आणि ४० मिली पाण्यात तीन महिने ठेवा. मद्यार्कात उतरणारे राळेसारखे घटक यात येत नाहीत, म्हणून वास गोड लागतो पण खोल लागत नाही. खीर आणि कस्टर्डला पुरेसा, केकला दुप्पट घाला. दारूच वापरायची तर महाराष्ट्रात परवाना लागतो, हे ध्यानात असू द्या. स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही नको. त्यात मिथेनॉल किंवा आयसोप्रोपिल असू शकतं.

शेंगेवर चमचमणाऱ्या पांढऱ्या सुया दिसल्या तर फेकू नका, ते व्हॅनिलिनचे स्फटिक आहेत. कापसासारखी लव असेल आणि वास कुबट असेल तर ती बुरशी.

लिंबाच्या सालीचा अर्क केला तर वर तेलाचं कडं आलं आणि चव कडू झाली.
— वाचक, विलेपार्ले

दोन वेगळे दोष. कडं येतं कारण सालीतलं लिमोनीन हे सुवासिक तेल पाण्यात विरघळत नाही आणि ग्लिसरीनमध्येही फारसं नाही. कारखान्यात ते बाभळीच्या डिंकाने धरून ठेवतात. कडूपणा आतल्या पांढऱ्या भागाचा. आपल्या कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की सुरीने ती काढताना पांढरं येणारच; सोलाणं किंवा बारीक किसणी वापरा आणि रंग फिकट झाला की थांबा.

खरं तर लिंबवर्गाला ग्लिसरीन नकोच, साखर हवी. सालीच्या वजनाइतकी साखर घ्या, हाताने चोळा, झाकून आठ तास ठेवा. साखर सालीतलं तेल आणि ओल खेचून घेते, तळाला पिवळसर पाक जमतो. त्यात त्याच लिंबांचा रस ओतून साखर विरघळवा आणि गाळा. फ्रिजमध्ये दहा दिवस. त्यापुढे वास रॉकेलकडे झुकायला लागतो, कारण लिमोनीन हवेने बिघडतं. संत्र्याच्या सालीला हीच रीत जास्त शोभते.

हापूसचा अर्क?
— वाचक, दादर

नाही जमत. गराचा बहुतेक भाग पाणी, त्यात जॅम घट्ट करणारं पेक्टिन. भिजवला तर आंबतो, आटवला तर वास जातो आणि जॅम उरतो. एक किलो गरात १०० ग्रॅम साखर आणि २ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून लहान डब्यांत डीप फ्रीजरला टाका. दुधात, आइस्क्रीममध्ये तोच घाला.

खसचं सरबत घरी तपकिरी होतं, बाजारात हिरवंगार. आमचं चुकतं काय?
— वाचक, लालबाग

काहीच नाही. खस म्हणजे वाळ्याची मुळं, त्यांचं पाणी फिकट तपकिरीच येणार. हिरवा रंग बाटलीवाल्याचा. २५ ग्रॅम मुळं तीन-चार पाण्यांतून माती सुटेपर्यंत धुवा, ७५० मिली पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी झाकण ठेवून १५ मिनिटं मंद उकळा. झाकण महत्त्वाचं, वास वाफेवरच जातो. गाळून ५०० मिलीच्या आसपास पाणी मिळेल. त्यात ५०० ग्रॅम साखर घातली तर सरबत फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतं. बाहेर टिकवायचं तर साखर ६५ टक्के व्हायला हवी, म्हणजे ५०० मिलीला ९३० ग्रॅम, आणि तळाला खडे बसू नयेत म्हणून २ ग्रॅम सायट्रिक आम्ल साखरेबरोबरच घालून एक उकळी. गोड फार वाटतं, पण पेल्याला दोनच चमचे लागतात.

दुकानातली सुगंधी तेलं थेंबभर घातली तर एवढा खटाटोप वाचेल ना?
— वाचक, बोरिवली

दिव्यात किंवा डिफ्यूझरमध्ये घालायची तेलं खाण्यासाठी तपासलेली नसतात. लवंगेचं तेल तर घरात असेल तर कुलपात ठेवा. लहान मुलाने चमचाभर प्यायलं तरी यकृताला गंभीर इजा होऊ शकते.